बाहेरचं दार: निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

माझं पहिलं बाहेरचं दार मी समोरून बघून पसंत केलं. जड होतं, लाकडाच्या रेषा सुरेख होत्या, आणि दर्शनी बाजूला मी स्वतः वॉर्निशचे चार हात दिले. आतल्या बाजूला दोन. खालच्या कडेला एकही नाही, कारण तोवर दार बिजागऱ्यांवर चढलं होतं आणि खालची कड कोण बघतंय! पहिल्याच पावसात दार फुगून चौकटीत अडकलं. मी रंधा घेतला आणि कुलपाच्या बाजूने चांगलं चार मिलिमीटर तासून काढलं. हवा कोरडी झाली तसं दार आक्रसलं, आणि घरात बसल्या बसल्या फटीतून बाहेरचं ऊन दिसायला लागलं. तीन वर्षांनी दार उतरवलं तेव्हा खालची कड काळी पडली होती. नखाने उकरली तरी भुसा निघत होता. दर्शनी बाजू मात्र तोवर झकास चमकत होती.

तेव्हापासून मी दार आधी कडेने बघतो, मग समोरून. पहिल्यांदाच दार घेणाऱ्यांसाठी पुढचा क्रम लिहिला आहे. यातल्या पायऱ्यांची उलटापालट करू नका. माझं निम्मं नुकसान चुकीच्या क्रमामुळेच झालं.

पायरी १: दाराआधी जागा बघा

सुट्टीचा एक दिवस काढा. दाराच्या जागेवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता सरकतं, ते लिहून ठेवा. दुपारनंतरचं ऊन सगळ्यात कठीण, कारण तेव्हा हवाही तापलेली असते. मग पाऊस कोणत्या दिशेने झोडपतो ते आठवा. भिंतीवरचे ओघळ आणि उंबऱ्याजवळचे शेवाळाचे डाग याची साक्ष देतात.

आता वर बघा. छज्जा किती पुढे आला आहे? एक ढोबळ नियम आहे: दाराच्या तळापासून छज्ज्यापर्यंतची उंची मोजायची, आणि छज्जा निदान तिच्या निम्म्याइतका पुढे हवा. म्हणजे छज्जा २.४ मीटर उंचीवर असेल तर तो १.२ मीटर तरी बाहेर यायला हवा. ऊन-पाऊस थेट अंगावर येत असेल तर त्याहूनही जास्त. एवढी सावली नसेल तर छज्जा वाढवा, नाहीतर लाकडाचा नाद सोडा, नाहीतर लाकडावर रंग लावायची मनाची तयारी करा. चौथा मार्ग म्हणजे पारदर्शक वॉर्निश आणि दर वर्षी हातात ब्रश. ज्याला हौस आहे त्यानेच तो घ्यावा.

लाकडी दाराच्या बाहेर काचेचं दुसरं दार लावायचा बेत असेल तर एक ध्यानात ठेवा. दोन्ही दारांच्या मधल्या जागेत ऊन कोंडतं आणि तिथली उष्णता भलतीच वाढते. गडद रंगाचं दार अशा ठिकाणी वाकतं, त्याचे सांधे उघडतात.

पायरी २: माप आणि उघडण्याची बाजू

चौकटीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंची दोन्ही बाजूंना. सर्वांत लहान आकडा खरा. मग कर्ण मोजा, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी चौकट दुरुस्त करा. वाकड्या चौकटीत सरळ दार बसवणं म्हणजे आयुष्यभराची कटकट.

दाराभोवती बाजूंना आणि वर साधारण ३ मिलिमीटर फट ठेवतात. हवा कोरडी असताना बसवत असाल तर ही फट कमी करण्याचा मोह आवरा.

रुंदीबाबत कंजुषी करू नका. घरातली सगळ्यात मोठी वस्तू याच दारातून आत येते, आणि कधीतरी चाकांची खुर्चीही. झडप उघडल्यावर तिची जाडी आणि बिजागऱ्यांची जागा वजा जाते, त्यामुळे ९० सेंटीमीटरची झडप ९० सेंटीमीटरचा मोकळा रस्ता देत नाही.

उजव्या हाताचं दार, डाव्या हाताचं दार या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. म्हणून मागणी देताना कागदावर चित्र काढा: बाहेर उभं राहून बघताना बिजागऱ्या कोणत्या बाजूला, आणि दार ढकलायचं की ओढायचं. बाहेर उघडणारं दार वाऱ्याच्या जोराने चौकटीवर घट्ट दाबलं जातं, पावसाला तोंड द्यायला ते चांगलं. पण त्याच्या बिजागऱ्या बाहेर येतात. तेव्हा खिळी काढता येणार नाही अशा बिजागऱ्या घ्या. आत उघडणाऱ्या दाराला हा प्रश्न नाही, पण त्याला उंबऱ्याशी पाणी अडवायची जास्त तजवीज लागते.

पायरी ३: कशाचं दार?

आधी लाकडाव्यतिरिक्तचे पर्याय उरकून घेऊ, कारण त्यांत गुंतागुंत कमी आहे.

फायबरचं दार ऊन-पावसाच्या थेट माऱ्याला सगळ्यात शांतपणे तोंड देतं. ते फुगत नाही, कुजत नाही, आणि आत फोम भरलेला असला तर उष्णताही अडवतं. लाकडासारख्या रेषा उमटवलेली दारं मिळतात. दोन पावलांवरून फसगत होते, हात लावल्यावर होत नाही. पोलादी दार मजबूत आणि सरळ राहणारं, पण एक ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की तिथून गंज पसरतो, आणि पोचा आला तर तो लपत नाही. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, पण उष्णता सहज वाहून नेतं. म्हणून त्याच्या चौकटीत आतला आणि बाहेरचा धातू एकमेकांपासून तोडणारी प्लास्टिकची पट्टी आहे का ते विचारा. यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं दार घ्यायचं तर आत धातूचा सांगाडा आहे याची खात्री करा आणि तापणाऱ्या जागी गडद रंग टाळा.

फ्लश दार म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट. आतून पोकळ असलेलं दार बाहेरच्या जागी लावायचंच नाही. भरीव असलं तरी चिकटवलं कशाने हे महत्त्वाचं. फिनॉल फॉर्मल्डिहाइडवर बनलेला गोंद पाण्यात टिकतो. युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद ओलाव्याने हळूहळू सुटतो आणि वरचे पापुद्रे उचलले जातात. दुकानात दोन्ही दारं सारखीच दिसतात, म्हणून हे लेखी घ्या.

आता लाकूड. इथे जरा थांबायला हवं, कारण लाकडाची एक खोड समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण कळतं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा वाढला की ते रुंदीत फुगतं, घटला की आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदलत नाही. ढोबळ हिशेब असा की लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर रेषांच्या आडव्या दिशेत रुंदी साधारण १ टक्क्याने बदलते. उभ्या फळ्या एकमेकींना चिकटवून ९० सेंटीमीटर रुंदीचं दार केलं, तर ते ९ मिलिमीटर हलेल. तीन मिलिमीटरच्या फटीत हे बसायचं कसं?

म्हणून जुन्या सुतारांनी पॅनेलचं दार काढलं. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि मधल्या चौकोनांत सैल बसवलेली पॅनेलं. आडव्या पट्टीची लांबी दाराच्या रुंदीत मोजली जाते, आणि लांबीत लाकूड बदलत नाही. राहिल्या दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १२ सेंटीमीटर धरल्या तर एकूण २४ सेंटीमीटर, म्हणजे फुगवटा २.४ मिलिमीटर. पॅनेल आपल्या खाचेत मागेपुढे सरकतं, पण दाराला ढकलत नाही. नक्षी म्हणून आपण ज्याकडे बघतो ती खरं तर हालचालीची सोय आहे. माझं पहिलं दार पॅनेलचंच होतं. तरी ते अडकलं, कारण तळातून ते थेट पाणी पीत होतं.

याच कारणाने पॅनेलला खाचेत गोंद लावायचा नसतो, आणि कडेची बारीक फट लांबीने (म्हणजे पुट्टीने) बुजवायचीही नसते. बुजवली तर एक तर पॅनेल तडकेल, नाहीतर सांधा उघडेल.

लाकडांत साग बाहेरच्या कामाला फार चांगला, कारण तो कमी हलतो आणि त्याच्या अंगात तेल असतं. महोगनीही फारशी हलत नाही. व्हाइट ओक टिकाऊ आहे पण बराच हलतो. शिवाय ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं आणि लोखंडाशी ओलसर गाठ पडली की काळे-निळे डाग उमटतात. ओकच्या दाराला साधे लोखंडी स्क्रू लावू नका, आणि घासायला लोखंडी काथ्या (स्टील वूल) तर हातातही घेऊ नका. पाइन स्वस्त आणि हलकं, पण गाठींतून राळ पाझरते; ते रंगवायचं लाकूड आहे, दाखवायचं नव्हे. लाकूड कोणतंही असो, गाभ्याचं हवं. सालीकडचा फिकट पट्टा दिसला तर तो भाग आधी कुजणार हे धरून चला.

पायरी ४: विकत घेताना दार आडवं करा

दार भिंतीला टेकवून उभं असतं आणि आपण समोरून कौतुक करतो. ते दोन बाकांवर आडवं ठेवायला सांगा, आणि मग बघा:

- वरची आणि खालची कड. उभ्या पट्ट्यांचं कापलेलं तोंड इथेच दिसतं. भेगा, कीड, भरलेली लांबी लपायची जागा हीच.
- सांधे. आडव्या पट्टीची कूस, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, उभ्या पट्टीच्या खाचेत खोल गेलेली असावी. नुसते खिळे किंवा स्क्रू मारलेलं दार बाहेर टिकत नाही.
- पीळ. दोन कर्णांवर दोन दोरे ताणून बांधा. दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना अलगद टेकले तर दार सपाट आहे. मध्ये अंतर राहिलं तर दाराला पीळ आहे. आता दोऱ्यांची अदलाबदल करून, वरचा खाली घेऊन पुन्हा बघा, म्हणजे पीळ उलट्या बाजूचा असला तरी चुकणार नाही.
- ओलावा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर १२ टक्क्यांच्या आसपासचा आकडा बरा. १८-२० दिसला तर ते दार तुमच्या घरी येऊन आक्रसणार.

जाडी ४० ते ४५ मिलिमीटर असावी. ३५च्या दारात कुलपाची खाच पाडली की दोन्ही बाजूंना लाकूड उरतच नाही. वजनाचाही अंदाज घ्या. २.१ मीटर उंच, ९५ सेंटीमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर जाड भरीव सागाची झडप पन्नास किलोंच्या आसपास भरते. ती उचलायला दोन माणसं आणि पेलायला तीन बिजागऱ्या, त्याहून जड असेल तर चार. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ दर्जाच्या स्टीललाही डाग पडतात, तिथे ३१६ मागा.

पायरी ५: आधी बसवा, मग उतरवा, मग रंगवा

नवखे इथेच चुकतात, मीही चुकलो. रंगवून दार बसवलं की कुलपासाठी, बिजागऱ्यांसाठी, बघायच्या भिंगासाठी नवी भोकं पडतात आणि त्या प्रत्येक भोकात कोरडं, उघडं लाकूड राहतं. बिजागरीच्या खाचेत पाणी शिरतं तेव्हा ते कुणाला दिसत नाही. दिसतो तो वर्षभराने तिथून उठलेला रंगाचा पापुद्रा.

म्हणून कोरं दार चौकटीत बसवून बघा. फटी बघा, लागेल तिथे रंधा मारा. कुलपाच्या बाजूची कड आतल्या अंगाला अगदी थोडी तिरकी तासतात, दोन-तीन अंश पुरे, म्हणजे बंद होताना ती चौकटीला घासत नाही. बिजागऱ्यांच्या खाचा पटाशीने काढा, कुलपाची पोकळी कोरा, स्क्रूची भोकं पाडा. कुलपाची जागा ठरवताना एक खबरदारी: मधल्या आडव्या पट्टीची कूस जिथे उभ्या पट्टीत शिरते तिथे कुलपासाठी कोरलं तर सांधाच कापला जातो. कुलूप थोडं वर किंवा खाली घ्या.

सगळं जमलं की दार उतरवा, सगळं लोखंड-पितळ काढून डब्यात ठेवा. कोणता स्क्रू कुठला ते लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

पायरी ६: घासणं

८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १५०. रंगवायचं असेल तर इथेच थांबा, वॉर्निशसाठी फार तर १८०. फर्निचरसारखं ३२०पर्यंत गुळगुळीत केलं तर पहिल्या हाताला पकड मिळत नाही. घासायचं रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत आणि पहिला हात बसला की दात विचकतात.

धारदार कडा मोडा. काटकोनी कडेवरून रंग दोन्हीकडे ओसरतो आणि नेमका कडेवर पातळ राहतो, म्हणून तिला दोन-तीन मिलिमीटरची गोलाई द्या.

मग धूळ. ब्रशने झाडा, ओलसर फडक्याने टिपा, सुकू द्या. साग असेल तर थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसून त्याच दिवशी पहिला हात द्या; पृष्ठभागावरचं तेल काढलं की आतलं हळूहळू पुन्हा वर येतं. पाइनच्या गाठींवर लाखेचा हात द्या, नाहीतर रंगातून पिवळे डाग डोकावतील.

जुनंच दार नव्याने करत असाल तर थांबा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. शंका असेल तर आधी तपासणी करून घ्या आणि कोरडं घासू नका.

पायरी ७: रंग, वॉर्निश की तेल?

उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन मोडतात. लिग्निन म्हणजे लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा नैसर्गिक डिंकच. तो मोडला की पाऊस त्याला धुऊन नेतो आणि वर उरतात करडे, भुसभुशीत तंतू. पारदर्शक वॉर्निशमधून ऊन आत जातं. खालचे तंतू सुटतात आणि वॉर्निश शाबूत असूनही त्यांच्यासकट पापुद्रा होऊन निघतं. वॉर्निश वाईट होतं म्हणून नव्हे, त्याच्या पायाखालची जमीन सरकली म्हणून.

यावरून निवड सोपी होते. रंगातली भुकटी ऊन अडवते, म्हणून रंग सगळ्यात जास्त टिकतो. बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रिलिक रंग लवचिक राहतो आणि लाकडाबरोबर थोडा ताणला जातो; तेलातला एनॅमल कडक आणि गुळगुळीत, पण वर्षांनी ठिसूळ होतो. ऊन थेट येत असेल तर फिकट छटा घ्या.

लाकूड दिसायलाच हवं असेल तर बाहेरच्या कामाचं, अतिनील किरण शोषणारं वॉर्निश घ्या, आणि त्याखाली रंगछटा देणारा स्टेनचा एक हात द्या. स्टेनमधली थोडी भुकटीही बरंच काम करते. ‘स्पार वॉर्निश’ हे नाव जहाजांच्या डोलकाठ्यांवरून आलं. त्यात तेलाचं प्रमाण जास्त असल्याने ते लवचिक राहतं. घरातल्या टेबलाचं कडक पॉलियुरेथेन बाहेर लावू नका. लाकूड हलतं, ते हलत नाही, आणि तडकतं.

तेलाचा पापुद्रा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. मळलं की पुसा, थोडं घासा, नवा हात द्या. पण तो हात वारंवार द्यावा लागतो, आणि दमट जागी नुसत्या जवसाच्या तेलावर बुरशी धरते. आणि एक अगदी गंभीर गोष्ट: तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती गोळ्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर सपाट पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पायरी ८: हात देणं

दाराला दोन नव्हे, सहा बाजू असतात: पुढची, मागची, दोन उभ्या कडा, वरची आणि खालची. सहाही बाजूंना सारखेच हात द्यायचे. एका अंगाला चार आणि दुसऱ्याला दोन दिले तर दोन्ही अंगं ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि दार वाकतं. अनेक उत्पादक तर सहाही बाजू बंद केल्या नसतील तर हमी मानत नाहीत. माहितीपत्रकात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

सुरुवात वरच्या आणि खालच्या कडेपासून करा. उभ्या पट्ट्यांची कापलेली तोंडं नळ्यांच्या जुडग्यासारखी असतात, पहिला हात क्षणात पिऊन टाकतात. ती पिणं थांबवेपर्यंत पाजत राहा, दोन हात जास्तच. कुलपाची पोकळी, बिजागऱ्यांच्या खाचा, स्क्रूची भोकं यांतही छोट्या ब्रशने हात फिरवा.

वॉर्निशचा पहिला हात थिनर घालून पातळ करा, दहा ते वीस टक्के, म्हणजे तो आत मुरतो. त्यावर तीन-चार पूर्ण हात. दर दोन हातांमध्ये पुरतं सुकू द्या, २२० किंवा ३२० नंबरच्या कागदाने हलकं घासा, धूळ टिपा. डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा. हलवला की बुडबुडे होतात आणि ते दारावर तसेच वाळतात. तेलातल्या वॉर्निशला नैसर्गिक केसांचा ब्रश चांगला, पाण्यातल्या रंगाला नायलॉन-पॉलिस्टरचा, कारण नैसर्गिक केस पाण्याने फुगून लोळतात.

काम सावलीत करा. उन्हात वरची साय लगेच धरते आणि आतलं ओलं राहून फोड येतात. हवा फार दमट असेल तर एक दिवस थांबलेलं बरं.

पॅनेलच्या दाराचा क्रम: आधी पॅनेलं आणि त्यांच्या कडेची नक्षी, मग मधल्या उभ्या पट्ट्या, मग आडव्या, शेवटी बाहेरच्या दोन उभ्या. असं केल्याने ब्रशच्या खुणा प्रत्येक पट्टीच्या रेषांबरोबर राहतात. पॅनेलं जोडणीआधीच हाती लागली तर त्यांच्या खाचेत जाणाऱ्या कडा आधी रंगवून घ्या. नाहीतर कोरड्या दिवसांत पॅनेल आक्रसतं आणि कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते. दारात काच असेल तर रंग काचेवर दीड-दोन मिलिमीटर येऊ द्या. ती रेघ लाकूड आणि काच यांच्यातली फट बंद करते. पातीने ती खरवडून ‘स्वच्छ’ करणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाण्याला रस्ता करून देतात.

धातू आणि फायबरसाठी थोडक्यात: पोलादी दाराचा गंज चकचकीत धातूपर्यंत घासून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावा, मग रंग. फायबरच्या दारावर पातळ स्टेन मुरत नाही. जेल स्टेन लावून पुसा आणि वर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक हात द्या. घासताना उमटवलेल्या रेषा घासून काढू नका.

पायरी ९: पुन्हा बसवताना

वरच्या बिजागरीचा निदान एक स्क्रू इतका लांब घ्या, साधारण ७५ मिलिमीटर, की तो चौकटीतून आरपार मागच्या पक्क्या आधारात जाईल. दाराचा सगळा ओढा तिथेच असतो. चौकटीवरच्या कुलपाच्या पट्टीलाही तसेच लांब स्क्रू लावा. दार फोडणारा बहुधा कुलूप तोडत नाही, चौकट फाडतो.

चौकटीचे पाय जमिनीवर ओल्यात उभे असतील तर तेही खालून पाणी ओढतात. बसवण्याआधी त्यांची तोंडं इपॉक्सीने बंद करा. उंबऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. दाराच्या तळाशी बाहेरून एक उतरती पाणपट्टी लावा, आणि तिच्या खालच्या अंगाला एक सरळ बारीक खाच हवी. पाण्याचा थेंब पट्टीला चिकटून आत सरकू पाहतो, खाचेशी येऊन तुटतो आणि खाली पडतो. खाच नसलेली पाणपट्टी मी काढून परत दिली आहे.

रबराच्या पट्ट्या शेवटी लावा. पाण्यातला रंग तासाभरात सुकलेला वाटतो, पण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तेवढ्यात दार घट्ट बंद राहिलं तर रंग रबराला चिकटतो आणि उघडताना सालपट निघतं. तोवर रबरावर थोडी टाल्कम पावडर चोळून ठेवा.

पायरी १०: पुढची वर्षं

पहिल्या पावसात दार थोडं अडकलं तर रंधा लगेच काढू नका. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, खाली आलेलं असतं. तरीही घासत असेल तर जागेवर पेन्सिलने खूण करा आणि हवा कोरडी होईपर्यंत वाट बघा. तेव्हाही घासलं तरच तासा, आणि तासलेल्या जागी त्याच दिवशी हात द्या.

वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, दार साध्या साबणाच्या पाण्याने पुसून नीट बघा. झिजेची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात होते, कारण उडणारं पाणी आणि तिरपं ऊन दोन्ही तिथे पोचतात. पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. पसरून लाकूड गडद झालं तर नव्या हाताची वेळ आली. चमक गेली आहे पण पापुद्रा अजून धरून आहे, अशा वेळी हलकं घासून एक-दोन हात दिले की भागतं, एका दिवसाचं काम. पापुद्रे सुटायला लागल्यावर मात्र कोऱ्या लाकडापर्यंत सगळं खरवडून पायरी ६ पासून सुरुवात करावी लागते.

खालची कड बघायला दार उतरवायची गरज नाही. दार उघडा, जमिनीवर हातातला आरसा ठेवा आणि त्यावर टॉर्च मारा.